पिंपल्सवर घरगुती उपाय: एका वेळी एकच, आणि तोही अर्ध्या चेहऱ्यावर (फेब्रुवारी ते मे २०२५)

२ फेब्रुवारी, रविवार

आधी सुरुवातीची परिस्थिती लिहून ठेवते, म्हणजे नंतर "फरक पडला बरं का" असं उगाच मनाचं समाधान नको. वय २६, त्वचा तेलकट, कपाळावर बारीक व्हाइटहेड्स, नाकावर ब्लॅकहेड्स, हनुवटी आणि जबड्याच्या कडेला लाल पुटकुळ्या, गालांवर जुने काळे डाग. आत गाठी नाहीत, ठणकत नाही. म्हणजे माइल्डच. ज्यांना खोल दुखऱ्या गाठी येतात, खड्डे पडतायत, किंवा पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असं सगळं एकत्र चाललंय त्यांनी माझं वाचून स्वयंपाकघरात डबे उघडत बसू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

मी नाशिकला, सातपूरच्या एका कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला) आहे. तिथे दिवसभर हेच चालतं की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं आहे तसं ठेवा, नाहीतर रिजेक्शन कशामुळे आलं ते बापजन्मात कळणार नाही. आणि घरी येऊन चेहऱ्यावर मात्र हळद, मध, लिंबू, मुलतानी सगळं एकाच वाटीत कालवून थापायचं, मग लाल झालं की कोणामुळे झालं कोण सांगणार. तर नियम असा: उपाय फक्त डाव्या बाजूला, उजवी बाजू साधी. दर रविवारी सकाळी खिडकीजवळ फोटो, ट्यूबलाइटखाली नाही. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबायचं.

एक भानगड आधीच लक्षात आली. मी डाव्या कुशीवर झोपते आणि फोन उजव्या कानाला लावते, म्हणजे दोन्ही गाल मुळातच सारखे नाहीत. उपाय काय, तर उशीचा अभ्रा दोन दिवसांआड बदलायचा आणि फोनवर बोलताना इअरफोन.

८ फेब्रुवारी, शनिवार

पीएचच्या पट्ट्या मागवल्या (पदार्थ आम्ल की अल्कली ते रंगावरून सांगणाऱ्या, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), १५० रुपये. (कंपनीतून आणलेल्या नाहीत, आधीच सांगते.) घरात चेहऱ्याला जे जे लावलं जातं त्या सगळ्यात बुडवून बघितल्या. लिंबाचा रस २ च्या आसपास. खायचा सोडा पाण्यात कालवून, ८ च्या वर. दही साडेचारच्या जवळ. आणि धक्का बसला तो आंघोळीच्या साबणाचा, ओल्या वडीवर पट्टी ठेवली तर ९ ते १० चा रंग आला, आणि या साबणाने मी आणि माझा भाऊ शाळेपासून तोंड धुतोय. त्वचेचा वरचा थर स्वतः थोडा आम्लीच असतो, ५ च्या जवळपास, तो तसा राहिला तर त्वचेतला ओलावा टिकतो आणि जंतूंना फार मोकळं रान मिळत नाही.

भावाने मागच्या महिन्यात कुठलातरी व्हिडिओ बघून लिंबू आणि सोडा एकत्र करून लावलं होतं. फसफसलं म्हणजे आतली घाण निघतेय असं त्याला वाटलं. अरे बाबा, आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतोच, तो चेहऱ्यावर निघाला काय आणि ढोकळ्याच्या पिठात निघाला काय. नंतर दोन्ही गालांवर आग आणि पापुद्रे. शिवाय नुसतं लिंबू लावून उन्हात गेलं तर वेगळाच त्रास, लिंबात असे घटक असतात की ऊन लागलं की चट्टे उठतात, कधी फोड येतात आणि मग महिनोन्महिने न जाणारे काळे डाग राहतात. त्यामुळे लिंबू आणि सोडा दोन्ही माझ्या यादीतून टेस्टिंगआधीच बाद.

आजपासून साबण बंद, साधा बिनवासाचा फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ दोनदाच, कोमट पाणी, टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं. हे दोन्ही बाजूंना. १९० रुपये.

१६ फेब्रुवारी, रविवार

जायफळ. हे आईचं. "अगं, दुधात उगाळून लाव, आमच्या वेळी कुठे होते तुमचे जेल न् बिल." घरात सहाण आहे, जायफळ होतंच, खर्च शून्य. उगाळताना हात दुखतो पण वास इतका छान येतो की बासुंदीचीच आठवण येते. डाव्या बाजूच्या पुटकुळ्यांवर ठिपके दिले, वाळल्यावर धुतलं.

आठवडाभर केलं. मोठी पुटकुळी वाळते हे खरं, पण तिच्याभोवतीची कातडी पण वाळते आणि दोन ठिकाणी तपकिरी खपली धरली. कोपरावर काही झालं नव्हतं, चेहऱ्यावर मात्र चुणचुणलं. जायफळात तीव्र तेलं असतात आणि उगाळलेलं कधी पातळ कधी दाट, त्यामुळे प्रमाण हातात राहत नाही. आईला सांगितलं तर म्हणे तू जास्त लावलंस. असेल. पण आईच्या अंदाजाला मोजमाप नाही, माझा प्रॉब्लेम तोच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलतानी माती, गावात रविवार कारंज्याकडे काष्ठौषधीच्या दुकानातून, पाव किलो ४० रुपये. गुलाबपाण्यात कालवून डाव्या बाजूला. तेल शोषते यात वाद नाही, धुतल्यावर तासभर डावा गाल मस्त कोरडा. पण दुपारपर्यंत दोन्ही गाल सारखेच चमकत होते. पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवलं तर ओढल्यासारखं होतं आणि धुताना घासावं लागतं, मग लाल. ओलसर असतानाच, पाच-सात मिनिटांत काढली तर त्रास नाही. आठवड्यातून एकदा, नाकावर, आवड म्हणून ठीक. पिंपल्स यामुळे कमी झाल्या असं फोटोत अजिबात दिसत नाही.

मधाचंही याच आठवड्यात उरकलं. चिकट, केस अडकतात, फरक शून्य. जखमेवर वापरायचा मेडिकल ग्रेड मध वेगळा, आपल्या बरणीतला वेगळा.

२ मार्च, रविवार

आज फोटो लावून बघितले तर गंमत. दोन्ही बाजू कमी झाल्यात! कपाळ आणि गाल, डावं-उजवं दोन्ही. म्हणजे श्रेय जायफळ, मातीला जात नाही, साबण सोडण्याला आणि अभ्रा बदलण्याला जातं. हनुवटी आणि जबडा मात्र जसाच्या तसा.

विचार करता करता स्कूटीच्या डिकीतला स्कार्फ आठवला. नाशिकच्या पोरींना सांगायला नको, ऊन असो, धूळ असो, डोळे सोडून सगळं गुंडाळायचं आणि निघायचं. सीबीएसच्या सिग्नलला बघा, सगळ्या सारख्याच दिसतात. माझा स्कार्फ मी महिन्याने धुत होते. घाम, क्रीम, धूळ सगळं त्यात, वरून हेल्मेटचा पट्टा बरोब्बर जबड्यावर घासतो आणि पिंपल्सही बरोब्बर त्याच रेषेत. दाब आणि घर्षणामुळे पिंपल्स येतात हे डॉक्टर लोकांना जुनंच माहीत आहे, खेळाडूंना हेल्मेटच्या पट्ट्याखाली येतात तसंच.

पातळ सुती स्कार्फ घेतले, मेन रोडवर, एक वापरायचा तेव्हा बाकीचे धुवायला. हेल्मेटचा आतला कपडा निघतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, काढून धुतला, पाण्याचा रंग लिहित नाही. कंपनीत पोचल्यावर लगेच तोंड साध्या पाण्याने.

९ मार्च, रविवार

कोरफड. गॅलरीतल्या कुंडीतलं पान कापून तसंच गालावर चोळलं तर लगेच खाज. मग नीट केलं. पान बुडाशी कापून ग्लासात उभं ठेवलं, देठ खाली. थोड्या वेळात तळाशी पिवळट तपकिरी, चहासारखा रस जमला, कडू वासाचा. खाज येते ती याच्यामुळे, हा रस सालीच्या लगेच खाली असतो आणि आतला पारदर्शक गर वेगळा. रस पूर्ण गळू द्यायचा, पान धुवायचं, काटेरी कडा कापायच्या, वरची साल जाडसर काढायची आणि मगच गर चमच्याने खरवडायचा. असं केल्यावर खाज नाही.

काम काय करते तर थंड वाटतं, मुलतानीने ओढलेली कातडी शांत होते. पिंपल्स त्याने जात नाहीत, पण मॉइश्चरायझर म्हणून बरी. गर फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं आणि वास बदलतो, त्यामुळे रोजचं ताजं, आणि रोजचं ताजं म्हणजे कुंडीतली कोरफड आता टक्कल पडल्यासारखी दिसतेय.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. आपल्याकडे धुळवडीपेक्षा हीच मोठी, शनी चौकातली रहाड (रंगाच्या पाण्याने भरलेला हौद) बघायला गेलो, त्यात धप्पा म्हणजे उडी मारायची हिंमत माझी नाही पण परत येताना गल्लीतल्या पोरांनी पाकिटातला पक्का रंग थोपलाच. जाण्याआधी सगळे सांगतात म्हणून तोंडाला खोबरेल तेल फासलं होतं, रात्री रंग निघेना म्हणून डाळीच्या पिठाने घासलं, मग परत तेल, परत पीठ. आज दोन्ही गाल लाल, हात लावला तरी झोंबतंय.

सगळे प्रयोग बंद. फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, बस. ऑफिसात सगळ्यांचेच कान गुलाबी आहेत.

३० मार्च, रविवार, पाडवा

रंगपंचमीचा हिशेब आज पूर्ण झाला. लाली चार-पाच दिवसांत गेली, पण कपाळावर आता बारीक व्हाइटहेड्सचं पीक. खोबरेल तेल खाण्याला, केसांना कितीही चांगलं असलं तरी चेहऱ्यावर छिद्रं बुजवणाऱ्या तेलांमध्ये ते वरच्या नंबरात येतं. आणि मग ट्यूब पेटली की शनिवारी रात्री आई डोक्याला तेल लावून देते, रविवारभर ते तसंच, आणि माझ्या व्हाइटहेड्स कायम केसांच्या कडेलाच का. तेल आता धुण्याआधी तासभर फक्त, टाळूला, कपाळाला लागू न देता. आई नाराज. "तेल नाही लावलं तर केस गळतील, मग त्याच्या नोंदी लिही."

गुढीला बांधायला कडुलिंबाचे डहाळे आणले होते, उरलेला पाला उकळून गार करून गाळून त्या पाण्याने डावी बाजू धुतेय गेले दोन दिवस. सकाळी गूळ-हिंग-ओव्यासोबत पोटात पण गेला, तो प्रयोगात धरत नाही. कडुलिंब जंतूंवर चालतो हे प्रयोगशाळेत दिसलंय, पण माझ्या पातेल्यातल्या पाण्यात नक्की किती काय उतरलं ते कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी पाण्याला बुरशीसारखा वास आला, फेकून दिलं. वाटलेला पाला थेट लावला तर कोपरावरच पुरळ उठलं, चेहऱ्यापर्यंत गेलंच नाही. कोपरवाला नियम इथे कामी आला.

२ एप्रिल, बुधवार

मावशी सिडकोहून आली होती, पाडव्याला यायची राहिली होती म्हणून. माझं तोंड बघून पर्समधून ट्यूब काढली. "हे घे गं, मेडिकलवाल्याने दिलं, माझ्या जावेच्या पोरीच्या दोन दिवसांत बसल्या." ट्यूब उलटी करून वाचली. तीन औषधं एकत्र, त्यात एक मोमेटासोन. हे स्टिरॉइड आहे. म्हटलं मावशी, हे लावलं की लाली दबते म्हणून जादू वाटते, पण लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं, उलट स्टिरॉइडनेच पिंपल्स येतात. म्हणून २०१८ मध्ये सरकारने असली क्रीमं शेड्यूल एचमध्ये टाकली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मिळतात तरी, तो भाग वेगळा. मावशी म्हणाली, "पण सगळेच लावतात." सगळेच लावतात म्हणून तर लिहितेय.

मला "नैसर्गिक" विरुद्ध "केमिकल" हे भांडण पटत नाही ते यासाठी पण. लिंबू नैसर्गिकच आहे. लेबल वाचता आलं पाहिजे, आणि लेबल नसेल तर निदान कोपरावर लावून बघता आलं पाहिजे.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

शेवटचा आणि मोठा प्रयोग, टी ट्री ऑइल, म्हणजे टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं तेल. हे एवढ्यासाठी निवडलं की याची नीट तुलना झालेली आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर, अर्ध्यांना ५ टक्के टी ट्रीचं जेल, अर्ध्यांना ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, हे पिंपल्सवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी पिंपल्स कमी झाल्या, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण त्रास कमी जणांना झाला.

महत्त्वाचं ५ टक्के हे आहे. बाटलीतलं तेल १०० टक्के असतं आणि लोक ते कापसाने थेट लावतात, मग भाजल्यासारखं होणारच. १५ मिली बाटली २८० रुपये. आधी कोरफडीच्या विकतच्या जेलमध्ये मिसळलं. १० मिली जेलला अर्धा मिली तेल, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून, थेंबांवर भरवसा नाही कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. छान ढवळलं, सकाळी बघते तर जेलमध्ये तेलाचे बारीक डोळे वर येऊन चिकटलेत. जेल पाण्याचं, तेल तेलाचं, ते एकत्र राहणार कसं. म्हणजे वरचा थर लावला तर १०० टक्क्यांच्या जवळ आणि खालचा लावला तर नुसती कोरफड. क्यूसीवाल्या बाईच्या घरात ही बॅच पास झाली असती तर लाज गेली असती.

दुसरी बॅच जोजोबा तेलात, त्यात मिसळून राहतं, पण जोजोबाची बाटली ३५० रुपये. इथे "घरगुती म्हणजे स्वस्त" हा मुद्दा संपला. गडद रंगाच्या बाटलीत, फ्रिजच्या दारात ठेवलंय, कारण हवा, उजेड आणि उष्णता लागून हे तेल खराब झालं की त्याचीच ॲलर्जी यायची शक्यता वाढते, आणि पारा आत्ताच ३८-३९ ला टेकलाय. पोटात घ्यायचं नाही, डोळ्यांजवळ नाही. कोपरावर दोन दिवस ठीक. रात्री फक्त डाव्या बाजूला.

आणि यावेळी निकालाची घाई नाही. जी पुटकुळी आज वर दिसते तिची सुरुवात कातडीच्या आत कित्येक आठवडे आधी झालेली असते, त्यामुळे आठवड्याभरात कुठलाही उपाय पास किंवा नापास करण्यात अर्थच नाही. तसं बघितलं तर मुलतानी आणि जायफळाला मी पूर्ण संधी दिलेली नाही, पण जायफळाला द्यायची इच्छा पण नाही.

२७ एप्रिल, रविवार

चाळिशी पार ऊन. डावा-उजवा फरक अजून डोळ्याला दिसत नाही. डाव्या गालाला थोडे पापुद्रे, म्हणून एक दिवसाआड केलं.

स्कार्फवाली रेष मात्र साफ! जबड्याच्या कडेला मार्चमध्ये रांग होती, आता तुरळक. दोन्ही बाजूंना.

खाण्याबद्दल विचारतात म्हणून: रविवारची मिसळ मी सोडलेली नाही. तर्रीचं तेल तोंडातून चेहऱ्यावर येत नाही. ज्याचा संबंध अभ्यासांमध्ये जास्त दिसलाय ते म्हणजे साखर-मैदा, आणि काही जणांत दूध. भाऊ जिमला जातो आणि दुधातून व्हे प्रोटीन घेतो, त्याची पाठ भरलीय. तो एका महिन्यासाठी पावडर बंद करायला तयार नाही, म्हणून तो डॉक्टरकडे गेला, त्याला बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के दिलंय.

११ मे, रविवार

आता दिसतंय. लाल पुटकुळ्या डावीकडे ३, उजवीकडे ७. ब्लॅकहेड्स मात्र दोन्हीकडे सारखेच. पाच आठवडे लागले हे लक्षात घ्या.

पण भावाच्या पाठीवर त्याहून कमी दिवसांत जास्त फरक, आणि त्याची ट्यूब माझ्या दोन बाटल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. फक्त त्या औषधाने कपड्याचा रंग उडतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आईच्या नव्या निळ्या टॉवेलवर पांढरे ढग उमटलेत आणि घरात त्यावर वेगळी चौकशी समिती बसलीय. पांढरा टॉवेल, जुना टी-शर्ट.

२५ मे, रविवार

आजपासून टी ट्री उजवीकडे, डावीकडे बंद, म्हणजे झोपायच्या बाजूचा आणि फोनचा संशय पण मिटेल. त्याचे फोटो जुलैपर्यंत काढावे लागणार.

काळे डाग तसेच आहेत, थोडे फिके. ते पिंपल्स नाहीत, पिंपल गेल्यावर राहिलेला रंग आहे, जायला महिने लागतात आणि ऊन लागलं की गडद होतात. म्हणून सनस्क्रीन, एसपीएफ ३०, जेलवालं, ३२० रुपये. लावल्यावर मी जरा भुतासारखी दिसते पण वरून स्कार्फ असतोच.

खर्च ढोबळ लिहिते: पट्ट्या, फेसवॉश, स्कार्फ, दोन्ही तेलं, सनस्क्रीन धरून पंधराशेच्या आसपास, त्यातले सहाशेच्या वर टी ट्रीच्या प्रकरणात. ज्याला हात आखडता घ्यायचाय त्याने आधी फेसवॉश बदला, स्कार्फ नि अभ्रे धुवा, डोक्याचं तेल कपाळावर येऊ देऊ नका, आणि दोन महिने बाकी काहीही लावू नका.

एक गोष्ट कशानेच हलली नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर ज्या दोन-तीन येतात त्या डावीकडे-उजवीकडे, टी ट्री असो नसो, ठरल्यासारख्या येतात आणि थोड्या दुखतात पण. त्याला माझ्या सहाणेवर काही उत्तर नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतलीय, फोटोंचा फोल्डर घेऊन जाणार, आणि मावशीला पण सोबत यायला सांगितलंय, ट्यूबसकट.